शेवटचं गिऱ्हाईक

रंगनाथकाकांच्या सलूनमध्ये मी मुद्दाम शेवटी जातो. रविवारी दुपारी ते दिवसाचं काम संपवून शटर ओढतात, त्याच्या जरा आधी. मला हिपॅटायटिस बी आहे, रक्तातून पसरणारी कावीळ. घरी दाढी केली तर माझा रेझर भाऊ उचलतो, म्हणून इथे. काका प्रत्येकाला नवीन ब्लेड लावतात, तरी माझ्यानंतर कोणी नको. त्यांना मात्र हे सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर खुर्चीत बसू दिलं असतं का?

आज दाढी करून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मोबाईल आरशापाशी राहिल्याचं आठवलं. परत येऊन अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरलो. काका गालाला फेस लावून आरशासमोर उभे होते. हातात मघाचाच वस्तारा.

"काका, ब्लेड बदललं ना?"

"तुझंच आहे की. एका दाढीनं काय झिजतंय? शेवटच्या गिऱ्हाइकाचं ब्लेड माझं, आमच्या बापापासून असंच चालतंय."

मी त्यांचं मनगट धरलं आणि सगळं सांगून टाकलं.

काकांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वस्तारा हळूच खाली ठेवला. त्यांच्या हनुवटीवर मागच्या रविवारी कापलेलं अजून दिसत होतं.

"कधीपासून आहे तुला?"

"चार वर्षं झाली."

काकांनी फेस पुसला नाही. खुर्चीचा हात धरून ते खाली बसले.

"तीन वर्षं," ते म्हणाले, "दर रविवारी शेवटी तूच येतोस."