लग्नाचं कापड
धरणगावात शांतवनचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या कापडातून वीतभर तुकडा मागे ठेवायची त्याला जुनी खोड. चर्चमध्ये दर प्रभुभोजनाच्या विधीला ती त्याला टोचायची, पण एकदम सुटेना. एका वर्षी त्याने विधवांच्या कापडाला हात लावणं सोडलं, पुढच्या वर्षी लेकरांच्या. लग्नाच्या भारी कापडाशी मात्र तो अडायचा. "प्रभू, एवढं एक राहू दे," म्हणायचा, आणि आमेन म्हणताना त्याचीच त्याला लाज वाटायची. सत्त्याऐंशीच्या लग्नसराईत द्रौपदाबाई लेकीच्या पोलक्यांसाठी जांभळं सॅटिन घेऊन आली. शांतवनने खडूने खुणा केल्या आणि सवयीने कापडाचं एक टोक स्वतःकडे दुमडलं. तिथेच त्याचा हात थांबला. या खेपेला त्याने देवाकडे सवलत मागितली नाही. कात्री खाली ठेवून तो म्हणाला, "अक्का, आजवर तुमच्या कापडातून मी थोडं थोडं चोरलंय. मला माफ करा." द्रौपदाबाई जराही चकित झाली नाही. "बठ्ठा गावले ठाऊक शे, भाऊ," ती म्हणाली. "पण तुमना हात चांगला शे. म्हणीसन आम्ही पहिलेच पाव मीटर जास्ती आणतस." अख्ख्या गावाला ठाऊक होतं हे ऐकून शांतवन आधी ओशाळला, मग त्याला हसू आवरेना. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्याने जादाचं पाव मीटर कापलं आणि नीट घडी घालून तिच्या हातात दिलं. "पुढच्या खेपेला एवढं कमी आणा, अक्का," तो म्हणाला, "आणि गावातही सांगा."