फेस बसू दे

चंद्राबाईंनी तीस वर्षं गावच्या डेअरीला दूध घातलं. फेसाचं माप त्यांनी ना कुणाला दिलं, ना कुणाकडून घेतलं. त्यामुळं सून अंजना मोरीतून प्लास्टिकचं माप घेऊन आली आणि हरखून "दोनशे!" म्हणाली, तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत.

"फेस बसू दे."

फेस बसला. एकशे सत्तर.

नऊ वर्षांच्या प्रांजलचं तोंड एवढंसं झालं. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून गोळी आहे, पण लघवीची पिशवी लहान असेल तर ती नीट लागू पडत नाही, असं लोणंदचे डॉक्टर म्हणाले होते. दिवसा भरपूर पाणी पाजा, जोरात लागली की मोजा, दोनशेच्या वर गेलं तर गोळी सुरू करू. आणि गोळी सुरू झाली तरच पोरगी पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या कबड्डी शिबिराला जाणार होती. आठ दिवस मुक्कामी. शाळेच्या संघाची पहिली चढाई तिचीच असायची.

सकाळपासून भरपूर पाणी प्यायलीस ना, असं अंजनानं विचारलं. प्रांजलनं आजीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

दुपारच्या जेवणानंतर पोरीच्या हातातला तांब्या गेलं वर्षभर चंद्राबाईच काढून घेत होत्या. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठनं, असं त्यांचं गणित. ओली वाकळही त्याच गोठ्यामागं वाळत घालायच्या, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. माया खरी, पण अक्कल गहाण पडलेली.

"मीच तोडलं गं पाणी," त्या म्हणाल्या. "कॅनॉलला पाणीच सोडलं न्हाई, तर तळं ल्हान का मोठं, कळायचं कसं?"

त्यांनी तांब्या भरून दिला. प्रांजलनं तो उभ्या उभ्या रिकामा केला आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारत राहिली. तास गेला, दीड गेला. शेवटी पाय आवळत ती मोरीकडं पळाली.

या खेपेला माप चंद्राबाईंनीच बाहेर आणलं. भर उन्हात कट्ट्यावर ठेवलं आणि डोळा रेघेला लावून बसल्या. फेस पार तीनशेला टेकला होता.

"काय मोजताय, आवं?" भिंतीपलीकडनं शेजारच्या धोंडुबाईंनी मान उंचावली.

अंजना पदरानं माप झाकायला धावली. चंद्राबाईंनी तिचा हात बाजूला सारला.

"नातीचं मूत. कबड्डीला सातारला चाललीय ती," त्या म्हणाल्या. "किती भरलं सांगते, थांबा. फेस बसू दे."