दुसरा अंक

बातमीदारी सोडून यशोधरा नाटकं लिहायला लागली आणि तिचं पहिलंच नाटक अंबरनाथमध्ये जोरात चाललं. एमआयडीसीतल्या स्फोटात गेलेल्या एका कामगाराचं ते नाटक. त्याची बातमीही पूर्वी तिनंच दिली होती.

एक कोडं मात्र तिला काही केल्या सुटेना. मोरिवलीची एक म्हातारी प्रत्येक प्रयोगाला यायची, पहिला अंक डोळ्यांत प्राण आणून बघायची आणि मध्यंतर झालं की पिशवी काखोटीला मारून चालू पडायची. आपला दुसरा अंक ढिला पडतोय की काय, म्हणून यशोधरानं तो नव्यानं लिहून काढला. म्हातारी तरीही उठलीच.

शेवटी तिनं म्हातारीला दारातच गाठलं. "आजी, दुसऱ्या अंकात काय खटकतं? अगदी स्पष्ट सांगा."

"मला काय ठावं? मी कवा बघितलाच नाय." म्हातारी पायरीवर थांबली. "तो कामगार म्हंजे माझा ल्योक देऊ, बाय. तुझ्या पेपरात तो पहिल्या ओळीतच मेला होता. इथं मध्यंतराला डबा घेऊन कामावर जातो. मग मी पण घरला जाते."