सात रंगांची घोणस

"लोचना, लांब नेऊन सोड ती!" नानाकाका ओसरीवरून ओरडले.

लोचनाने काठीच्या आकड्यावर घोणस उचलली. अंगावर सात रंगांचे पट्टे झगझगत होते, पण पोट पार खपाटीला गेलं होतं. विषारी साप माणसांना लांबूनच दिसावेत म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकं बदलून त्यांना हे रंग दिले होते.

"तुम्हाला दिसते तशी उंदरालाही दिसते, काका! उपाशी मरायला लागल्यात सगळ्या," लोचना वैतागून म्हणाली.

तिने केरसुणीने घोणशीला डोक्यापासून शेपटीपर्यंत चिखल फासला. पाचोळ्यात सोडताच घोणस दिसेनाशी झाली.

"अगं, कुठं गेली?" काका खाटेवर चढले.

"जेवायला!" लोचना खेकसली. "कात टाकली की परत ते सात रंग आहेतच बोकांडी."