पहिल्या रांगेतली खुर्ची

“हे मला जमायचं नाही,” शिवणमावशी म्हणाल्या. “कुणी विचारलं तर कुठल्या तोंडाने सांगू, मी तिची आई म्हणून?”

रेक्टरबाई हटायला तयार नव्हत्या. बक्षीस समारंभाला अर्धा तास उरला होता. काडीच्या घरच्या माणसासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखली आहे, त्या म्हणाल्या. शाळेला वक्तृत्वाची ढाल आणून देणारी पोर रिकाम्या खुर्चीकडे बघत बोलणार, हे बरं दिसतं का?

काडीचं नाव निघालं की मावशींचं काही चालत नसे. वसतिगृहाच्या शिवणखोलीत बावीस वर्षं त्या मुलींचे गणवेश उसवत-शिवत आल्या होत्या. पोटी मूल नव्हतं. सात वर्षांपूर्वी ही हडकुळी पोर आली, म्हणून सगळ्यांनी काडी नाव पाडलेली, ती अडखळत बोलणारी. वर्गात हसं व्हायचं, म्हणून तोंडाला कुलूप. एकदा बटण लावून घ्यायला आली आणि मशीनच्या खडखडाटात स्वतःशीच धडाधड बोलली. मावशींनी ते हेरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी काडी बोलायची आणि मावशी मशीन चालवायच्या. कापड संपलं तर नुसतंच.

सुट्टीत तिला न्यायला मामा यायचा. आई लांबच्या बंदरावर नोकरीला. मावशींनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. आजही बिचारीला रजा मिळाली नसणार.

ठेवणीतले कपडे घालून मावशी अंग चोरून खुर्चीत टेकल्या. व्हायचं तेच झालं. शेजारी घाईघाईने येऊन टेकलेल्या बाईंनी विचारलं, “तुमची कोणती?”

मावशींनी मंचाकडे पाहिलं. “ढाल मिळाली ना, ती.”

“गुणाची आहे हो,” बाई म्हणाल्या.

मग त्यांच्या प्रश्नांना खळ राहिला नाही. जेवते का नीट? आजारी पडली तर रडते का? मावशीही खुलल्या. दूध बघितलं की नाक मुरडते, केस विंचरताना कुरकुरते, ताप आला की उशी कवटाळून झोपते, पण रडत म्हणून नाही. बाई जिवाचा कान करून ऐकत होत्या, मधूनच डोळे टिपत होत्या. तुमची कोणती, असं मावशींनी विचारलं, तेव्हा त्यांनी मंचावरच्या घोळक्याकडे बोट दाखवलं.

काडीला बोलायला बोलावलं. पहिल्याच शब्दाला ती अडखळली. शेजारच्या बाईंनी मावशींचा हात गच्च धरला. काडी थांबली, तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि मग अशी बोलत सुटली की शेवटच्या वाक्याला अख्खं सभागृह उभं राहिलं.

ढाल घेऊन ती तडक खाली आली. ढाल तिने मावशींच्या मांडीवर ठेवली. मावशींना धरणी ठाव देईना. आता ही आपल्याला मावशी म्हणणार, आणि इतका वेळ जिला थापा मारल्या त्या भल्या बाईसमोर बिंग फुटणार.

पण काडी त्या बाईंकडे वळली.

“आई, एक खुर्ची सरक ना,” ती म्हणाली. “मला तुम्हा दोघींच्या मध्ये बसायचंय.”