राईतला पेंग्विन

रेंजर हळब्यांनी प्राणिसंग्रहालयातून आणलेलं पिसांचं आणि विष्ठेचं पोतं देवराईतल्या यंत्राखाली रिकामं केलं. हे यंत्र हवा हुंगून राईत कोणकोण राहतं ते ओळखायचं आणि राई जितकी समृद्ध तितकी जास्त झाडं तोडायला द्यायचं. पूर्वी हा कौल देव द्यायचा. मनासारखा येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा लावायची गावाची खोड तेवढी टिकली होती.

काल यंत्राने ऐनाची चार झाडं तोडायला दिली होती. ओढ्यावरच्या साकवाला तेवढी पुरत होती, पण सरपंचांना वडिलांच्या नावाचं सभागृहही हवं होतं.

यंत्राने पुन्हा हुंगलं. एका पोत्याने राई तिप्पट समृद्ध झाली आणि चाळीस ऐन मंजूर झाले.

राईतल्या देवाची पूजा करणाऱ्या सुलक्षणा गुरवांनी पडद्यावरची यादी वाचली. "शेकरू, धनेश, पेंग्विन. साहेब, हा पेंग्विन कुठल्या झाडावर बसतो?"

"यंत्रापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, बाई?" हळब्यांनी विचारलं.

"शेकरूचं घरटं कुठे आहे ते कळतं. तुम्ही खूण केलेल्या ऐनावरच आहे."

शेजारी उभे असलेले सरपंच हसले. ऐन पडले आणि चाळीसच्या चाळीस सभागृहाला लागले. साकव राहूनच गेला.

महिन्याभराने शहरातून अभ्यासक पेंग्विन पाहायला आले. हळब्यांनी त्यांना तोडलेल्या बुंध्यांमधून फिरवलं. "लाजरा पक्षी आहे," ते म्हणाले. अभ्यासकांनी तशी नोंद केली.

सुलक्षणा गुरवांनी पडद्याकडे पाहिलं. दर सोमवारी नवं पोतं येत असल्यामुळे यादीत पेंग्विन अजून होता. शेकरू नव्हतं.