घोटभर

मुरबाडजवळच्या एका रिसॉर्टवर व्हिस्की चाखण्याचा महोत्सव भरला होता. वाशिंदच्या कारखान्यात नुकताच सुपरवायझर झालेल्या संदेशला साहेबांनी हौसेने सोबत नेलं. टेबलाभोवती जो तो ग्लास नाकाशी धरून बोलत होता. कुणाला मधाचा वास येत होता, कुणाला जळक्या लाकडाचा.

"तुला रे कसला येतोय?" साहेबांनी विचारलं.

संदेशने ग्लास हुंगला. कधीच वारलेला बाप, देवराम, पुन्हा पिऊन दारात येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं. पण सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"छान येतोय, सर," तो म्हणाला आणि घोटभर प्यायला. दुसरा ग्लास त्याने स्वतःहून मागितला. तिसराही.

दिवेलागणीला तो किन्हवलीला घरी पोचला. आईने दार उघडलं. तो काही बोलणार, एवढ्यात तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि ती भिंतीला चिकटली.

"आये, मी हाय गो! संदेश!"

"वळखलं रे तुला," ती म्हणाली. हात मात्र तिने खाली घेतले नाहीत.